‘पोचले’ या एका शब्दासाठी...

रात्री साडेअकराचा सुमार. निगडी, चिखली, मोशी, भोसरीच्या कितीतरी घरांत जेवणं केव्हाच उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, दिवे मालवलेले असतात. पण घरातली एक बाई जागी असते आणि तिचं सगळं लक्ष उशाशी ठेवलेल्या मोबाईलकडे असतं. लेक सेकंड शिफ्टला गेलेली आहे, नाहीतर सून हिंजवडीहून निघाली आहे. ‘निघाले’ असा मेसेज आला, ‘बसले’ असाही आला. ‘पोचले’ मात्र अजून यायचा आहे.

आणि त्याच वेळी तिकडे चाकणच्या तळेगाव चौकात किंवा नाशिक फाट्यावर ती मुलगी उभी असते. पर्स छातीशी धरलेली, ओढणी नीट खोचलेली, मोबाईल कानाला. खरं तर पलीकडे कुणीच नसतं, पण ती बोलत असते, ‘हो बाबा, आलेच, पाचच मिनिटं.’ मैत्रिणींनो, हे नाटक आपल्यापैकी किती जणींनी केलंय? हात वर करायला सांगितलं, तर खाली राहिलेले हात मोजायला सोपे जातील.

पिंपरी-चिंचवड हे कामगारांचं गाव. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे एमआयडीसी आली, आणि भोंग्यावर चालणारं शहर उभं राहिलं. तेव्हा पाळीला जाणारे बहुतेक पुरुष असायचे. आता चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी पट्ट्यातल्या कारखान्यांत वायरिंगच्या, असेंब्लीच्या, पॅकिंगच्या लाइनवर मुली उभ्या असतात. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळहून आलेल्या, चार-पाच जणी मिळून एक खोली घेऊन राहणाऱ्या. काम मिळालं, हातात पगार आला, गावाकडे पैसे जाऊ लागले. पण कंपनीचं गेट ते खोलीचं दार यामधल्या दोन-चार किलोमीटरांचं काय, याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही.

भीती उगाच नाही

‘बायका उगाच घाबरतात’ असं म्हणणाऱ्यांना आपल्या भागातल्याच काही घटनांची आठवण करून द्यावी लागते.

१ नोव्हेंबर २००७ ची रात्र. बीपीओत काम करणारी बावीस वर्षांची तरुणी रात्रपाळीसाठी कंपनीने ठरवलेल्या गाडीत बसली. गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने तिला गहुंजेच्या बाजूला नेऊन तिच्यावर अत्याचार केला आणि तिचा खून केला. तोवर ‘कंपनीची गाडी म्हणजे घरचीच’ असा आपला समज होता. तो त्या रात्री तुटला. दोघांना २०१२ मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली. पण पुढच्या कार्यवाहीत झालेल्या दिरंगाईमुळे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ३५ वर्षांच्या कारावासात बदलली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, खराडीहून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता तरुणीचं अपहरण झालं आणि तिचा मृतदेह आपल्या खेड तालुक्याच्या जंगलात सापडला. त्या खटल्याचा निकाल लागायला मे २०१७ उजाडलं.

अलीकडचं सांगायचं, तर २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट स्थानकात फलटणला जाणाऱ्या तरुणीला ‘तुमची बस तिकडे लागलीय’ असं गोड बोलून उभ्या शिवशाहीत नेलं गेलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. त्याच वर्षी मे महिन्यात चाकणजवळ मेदनकरवाडी परिसरात, रात्रपाळीला पायी निघालेल्या एका कामगार महिलेला रस्त्यातून ओढून नेण्यात आलं.

या चारही जणींचं काय चुकलं होतं? काहीही नाही. कुणी कामाला निघाली होती, कुणी घरी. हे नीट लक्षात ठेवायला हवं. कारण अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पहिला प्रश्न येतो, ‘पण ती एवढ्या रात्री तिथे गेलीच कशाला?’ हा प्रश्न विचारला, की गुन्हेगार बाजूला राहतो आणि आपल्याच लेकीसुनांच्या पायात बेडी पडते.

सावधपणा वेगळा, धास्ती वेगळी

सावधपणा ही आपली सखी आहे. अंधाऱ्या बोळात पाय अडखळतो, रिक्षात आधीच बसलेल्या दोघांची नजर खटकते, तेव्हा ती आपल्याला थांबवते. तिचं ऐकावं. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दामटून पुढे जाऊ नये.

धास्तीचं तसं नसतं. ती गाडीत बसायच्या आधी चार तास सुरू होते आणि घरी पोचल्यावरही उतरत नाही. दुपारी जेवतानाच रात्रीच्या रस्त्याचा विचार येतो, घास फिरतो. बातमी एकदा वाचून होत नाही, दहा वेळा बघितली जाते. आणि मग मन एक सरळ सोपा उपाय सुचवतं, जायचंच नाही.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, ‘ताई, सुपरवायझर केलं असतं मला. पण मग शिफ्ट फिरती पडली असती. घरचे नको म्हणाले, मलाही नकोच वाटलं.’ हे अगदी साध्या आवाजात सांगितलं तिने, पण त्या एका ‘नको’त तिची बढती गेली, पगारवाढ गेली. भीतीची किंमत अशी चुकती होते. पोलिसांच्या दप्तरात तिची कुठेच नोंद होत नाही.

टाळलं की त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी तीच वाट आणखी भयंकर वाटते. आज रात्रीचा प्रवास बंद, उद्या संध्याकाळचा, परवा एकटीने पुण्याला जाणंही नको होतं. विहिरीत पोहायला शिकताना काठावर जितका वेळ उभं राहावं तितकं पाणी खोल वाटत जातं ना, तसंच हे.

शिवाय आपली भीती नेहमी नेमक्या ठिकाणी बोट ठेवते, असंही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वर्षानुवर्षांचे अहवाल सांगतात, की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. म्हणजे अनोळखी माणसाची भीती बाळगू नये असं नाही, पण ‘घराबाहेर धोका आणि घरात सुरक्षित’ हे गणित तितकंसं खरं नाही.

आणि रस्त्यावरचा धोका फक्त वाईट नजरेचा नाही. चाकणच्या रस्त्यावर कंटेनर आणि ट्रेलरच्या मधून वाट काढत दुचाकीवर जाणारी मुलगी कशाला घाबरते? शेजारच्या चाकाला. ११ ऑगस्ट २०२५ च्या श्रावणी सोमवारी खेड तालुक्यातल्या पाईट परिसरात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटात कोसळली, आणि एकाच गावातल्या कितीतरी घरांतल्या बायका एकदम गेल्या. दाटीवाटीने भरलेल्या जीपमध्ये ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून आपण निर्धास्त चढतो. तिथेही दोन मिनिटं थांबून विचार करायला हवा.

निघण्याआधीची दहा मिनिटं

धास्ती कमी करायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ठरवून ठेवणं. ‘असं झालं तर काय?’ हा प्रश्न डोक्यात गरगरत राहतो, कारण त्याचं उत्तर आपण कधी पुरं देत नाही. एकदा शांतपणे, दिवसाउजेडी बसून ते देऊन टाकावं.

आपली रोजची वाट डोळ्यांपुढे आणा. त्या वाटेवर रात्री उघडं काय असतं? मेडिकलचं दुकान, पेट्रोल पंप, अंडाभुर्जीची गाडी, एटीएमचा वॉचमन, दवाखाना. हे आपले थांबे. काही खटकलं, तर ‘पळत घर गाठायचं’ असं नको, ‘समोरच्या मेडिकलमध्ये शिरायचं’ असं ठरलेलं असू द्या. दुकानदाराशी अधूनमधून दोन शब्द बोलून ओळख ठेवली, तर गरज पडली की, ‘काका, जरा थांबते इथे’ म्हणायला जीभ अडखळत नाही.

शेअर रिक्षात बसताना नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, आणि तो चालकाच्या देखत टाका. त्यात संकोच कसला? चांगल्या रिक्षावाल्याला त्याचा राग येत नाही. त्याच्याही घरी लेकीबाळी असतात. कॅब असेल, तर नंबर आणि चालकाचा चेहरा ॲपमधल्याशी जुळल्याशिवाय दार उघडू नका. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन एक तास किंवा आठ तासांसाठी पाठवता येतं, ते शिकून घ्या. स्थानकावर ‘बस तिकडे आहे’ असं कुणी सांगितलं, तर चौकशीच्या खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहकाला विचारूनच पुढे जा.

जिथे निवड करता येते, तिथे वर्दळीची वाट निवडा. पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, २९ सप्टेंबर २०२४ पासून ती स्वारगेटपर्यंत जाते. उजेड, कॅमेरे, सुरक्षारक्षक यांमुळे कित्येक जणींचा संध्याकाळचा जीव त्यात शांत झाला आहे. लोणावळा लोकलमध्ये महिलांच्या डब्यात रात्री अगदीच कुणी नसेल, तर रिकाम्या डब्यात एकटीने बसण्यापेक्षा कुटुंबं असलेल्या साध्या डब्यात बसणं बरं.

वाटेत छाती धडधडली तर

कधी कधी काहीही घडलेलं नसतं आणि तरी छाती धडधडायला लागते. तळहाताला घाम, घशाला कोरड, पोटात गोळा. हे वेडेपण नव्हे. धोक्याची नुसती शंका आली तरी शरीर पळायची तयारी करतं, त्याचीच ही लक्षणं.

अशा वेळी आधी आजूबाजूला बघा. खरंच कुणी मागे आहे का? असेल, तर ठरवलेल्या थांब्याकडे वळा, मोठ्याने बोला, ११२ लावा. नसेल, तर श्वासाकडे या. चार आकडे मोजत श्वास आत घ्या, सहा-सात मोजत हळूहळू सोडा. सोडायला जास्त वेळ द्यायचा. आठ-दहा वेळा केलं की धडधड उतरायला लागते. मग डोळ्यांना काम द्या. दुकानांच्या पाट्या वाचा, स्टॉपची नावं मनात म्हणा. मन पुढच्या तासाभरात पळालेलं असतं, त्याला असं हाताला धरून या क्षणात आणावं लागतं.

सोडून दिलेला प्रवास पुन्हा सुरू करायचा असेल, तर पायरी पायरीने करा. आधी मैत्रिणीबरोबर संध्याकाळी, मग एकटीने संध्याकाळी, मग थोडं उशिरा. आणि महिना-महिना झोप लागत नसेल, घराबाहेर पाऊलच पडत नसेल, किंवा पूर्वी झालेला एखादा प्रसंग सारखा डोळ्यांपुढे येत असेल, तर ते एकटीने सोसू नका. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक आहे, तिथे चोवीस तास आपल्या भाषेत बोलता येतं. ताप आला की डॉक्टरकडे जातो ना आपण? मग यात लाज कसली?

घरच्यांनो, फोन जरा कमी करा!

हे आम्हा आयांना आणि सासवांना उद्देशून. दर पाच मिनिटांनी फोन केला, तर लेक रस्ता बघेल की फोन घेईल? ‘अगं आई, मी ट्रॅफिकमध्ये आहे!’ असं ती वैतागून म्हणते आणि आपण रडकुंडीला येतो.

त्यापेक्षा करार करा. तिने निघताना आणि पोचल्यावर कळवायचं. ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उलटला, तरच आपण फोन करायचा. तो लागला नाही तर तिच्या मैत्रिणीला, मग कंपनीच्या गेटवर. हे तिन्ही नंबर फ्रिजवर चिकटवलेले हवेत. मुख्य म्हणजे, तिने घरी येऊन ‘आज एक जण मागे लागला होता’ असं सांगितलं, तर पहिलं वाक्य ‘सोड ती नोकरी’ हे असू नये. तसं झालं, की पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, आणि आपण अंधारात राहू. ‘बरं झालं सांगितलंस. आता काय करायचं ते आपण मिळून बघू,’ एवढं म्हटलं तरी तिला बळ येतं.

आणि घरातल्या मुलग्याला? रात्री रस्त्यावर पुढे एकटी मुलगी चालत असेल, तर आपण पलीकडच्या बाजूने जावं, हे त्याला कुणी शिकवायचं? तेही आपणच.

गाडी कुणाची, जबाबदारी कुणाची?

सगळा भार बाईच्या पर्समधल्या मिरचीच्या फवाऱ्यावर टाकून चालणार नाही. कायदाही तसं म्हणत नाही.

पूर्वी कारखाना कायद्यानुसार बायकांना रात्रपाळीच नव्हती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरक्षेच्या अटींवर ती खुली केली. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांनुसार संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला काम देता येतं, पण तिच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटी पाळूनच. दुकानं आणि कार्यालयांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिलांच्या संरक्षणाची आणि घरापर्यंतच्या वाहतुकीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मालकाने दिलेली गाडीसुद्धा ‘कामाचं ठिकाण’ धरली आहे. म्हणजे कंपनीच्या बसमध्ये कुणी त्रास दिला, तर ‘तो बसवाल्याचा प्रश्न’ म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते.

अडचण अशी, की कायम कामगारांना बस असते आणि ठेकेदाराकडच्या मुली गेटबाहेर रिक्षा शोधतात. ‘मॅडम, आम्ही कॉन्ट्रॅक्टवाल्या,’ असं त्या म्हणतात, जणू कॉन्ट्रॅक्टवालीला अंधार कमी लागतो! म्हणून मागायचं ते गटाने, लेखी आणि नेमकं मागा. बस गेटच्या आत लागावी, ठेकेदाराच्या मुलींनाही तिच्यात जागा असावी, चालकाची पोलीस पडताळणी झालेली असावी, शेवटी उतरणारी बाई एकटी असेल तर सोबत सुरक्षारक्षक असावा. दहा सह्यांचा अर्ज बाजूला सारणं एका तक्रारीइतकं सोपं नसतं.

खांब कुणाचा, दिवा कुणाचा?

१९८९ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात बायकांनी एक साधा उद्योग केला. अंधार पडल्यावर गटाने रस्त्यावर फिरायचं आणि कुठे भीती वाटते, का वाटते, हे कागदावर लिहायचं. ही ‘सुरक्षितता फेरी’ पुढे जगभर गेली. त्याच देशात माँट्रियलला १९९६ पासून रात्रीच्या बसमधून बायकांना दोन थांब्यांच्या मध्ये, आपल्या घराजवळ उतरायची मुभा मिळाली. त्यासाठी फार मोठा खर्च आला असेल का? लागली ती फक्त एका नियमाची आणि चालकाच्या समजुतीची.

आपल्यालाही अशी फेरी काढता येईल. पाच-सहा जणी, एक वही, एक पेन. थांब्यापासून खोलीपर्यंत चाला. कुठले दिवे बंद आहेत, कुठे झुडपं वाढलीत, कुठे ट्रक उभे राहून रस्ता झाकतात, कुठे दारूच्या दुकानापुढे टोळकं असतं, कुठे रात्री आठनंतर सगळी शटर पडतात. खांबाचा नंबर लिहा, वेळ लिहा.

आता खरी मेख. आपल्या पट्ट्यात एका रस्त्याचे चार मालक. पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द मोशीपलीकडे संपते, पुढे ग्रामपंचायती, मध्ये एमआयडीसीचे रस्ते, नाशिक रस्ता राष्ट्रीय महामार्ग आणि चाकण गावात नगरपरिषद. दिवा बंद असला, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून अर्ज एकच लिहा आणि त्याच्या प्रती सगळ्यांना द्या, पोचपावती घ्या. महापालिका हद्दीत ‘सारथी’चा ८८८८००६६६६ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवली की नंबर मिळतो. ग्रामपंचायत असेल तर महिला ग्रामसभेत विषय मांडा.

पोलिसांचीही अशीच हद्द असते. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय झालं, चाकण त्यात आलं, राजगुरुनगर मात्र ग्रामीण पोलिसांकडे राहिलं. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावाच लागतो. ‘आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा’ हे उत्तर आता मान्य करू नका.

‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांबद्दल एक मार्मिक निरीक्षण मांडलं आहे. बाई रस्त्यावर नुसती उभी राहू शकत नाही, आपण कामानेच आलोय हे तिला सतत दाखवावं लागतं. आपल्याकडेही तेच. रात्री नऊला चौकात दहा पुरुष चहा पीत उभे असतात, बाई एकही नसते. म्हणून तो चौक अकराला निघालेल्या मुलीला परका वाटतो. मैत्रिणींनो, जेवण झाल्यावर चार जणी मिळून कोपऱ्यापर्यंत शतपावली करायला काय हरकत आहे? थांब्याजवळच्या कट्ट्यावर अर्धा तास गप्पा मारल्या तर? शिफ्टहून उतरणाऱ्या मुलीला समोर दोन-चार काकू, मावश्या बसलेल्या दिसल्या, तर तिला कानाला फोन लावायचं नाटक करावं लागणार नाही. दिवा लागायला अर्ज करावे लागतात. कट्ट्यावर जाऊन बसायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

हे जवळ असू द्या

• ११२ – कोणत्याही संकटात पोलिसांची मदत. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ दाबून आपत्कालीन फोन लावता येतो. आपल्या फोनवर ते किती वेळा दाबायचं, हे सेटिंगमध्ये आजच बघून ठेवा.
• १०९१ – पोलिसांची महिला हेल्पलाइन
• १८१ – संकटातल्या महिलांसाठी मदत आणि सल्ला
• १३९ – रेल्वे प्रवासातली मदत
• १४४१६ – मनावरच्या ताणासाठी ‘टेलिमानस’
• घरातले दोन नंबर तोंडपाठ हवेत. मोबाईल बंद पडला, तर दुसऱ्याच्या फोनवरून तेच उपयोगी पडतात.